निलव्वाचा वरचा थर

निलव्वाच्या घरी मी पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा ताट पुढं ठेवता ठेवताच ती म्हणाली, "भाकरी एका अंगानं करपल्याय. आमटीत मीठ कमी पडलंय. खर्डा तेवढा बरा झालाय, त्यो खावा." मी हातातला तांब्या खाली ठेवून तिच्याकडं बघतच राहिलो. मी शिवाजी पेठेतला माणूस. आमच्यात पावण्याला पाणी देतानासुद्धा "असलं पाणी उभ्या कोल्हापुरात मिळायचं नाही" असं सांगून देतात. पहिला घास घ्यायच्या आधी आपल्याच स्वयंपाकाची खोड सांगणारी बाई मी जन्मात पाहिली नव्हती. बरं, खर्डा खरंच फक्कड होता आणि आमटीत मीठही खरंच कमी होतं.

तिचं सगळ्याच बाबतीत असं होतं. म्हैस विकायला काढली तर गिऱ्हाईक गोठ्यात पाय टाकायच्या आत सांगणार, "एका सडातनं धार कमी येतीया, आन् टोपी घातलेला माणूस तिला चालत न्हाय." भाच्यासाठी मुलगी बघायला गेली तेव्हा चहा यायच्या आधीच मुलीच्या बापाला म्हणाली, "पोरगं रागीट हाय. राग आला की दोन दोन दिवस जेवत न्हाय. हात मात्र उचलत न्हाय, आन् कामाला वाघ हाय." तो बाप म्हणाला, "मग आमचीबी ऐका की." दोन्हीकडच्या खोडी सांगून होईपर्यंत सोयरीक ठरली म्हणे. तो संसार अजून चांगला चाललाय. भाचा अजून अधूनमधून उपाशी झोपतो.

निलव्वा गडहिंग्लजच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या हिरेवाडीची. लिंगायत घर, बेताची जमीन, विहिरीचं पाणी आणि त्यावर वांगी, टोमॅटो, मिरची. घरात कानडी बोलायची आणि दारात मराठी. मी तिच्याहून बराच लहान, म्हणून मला 'तम्मा' म्हणायची, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. मी तालमीच्या फुटबॉल संघात गोलकीपर होतो. गुडघा गेला, मैदान सुटलं आणि घरच्यांनी टेंपो घेऊन दिला. नव्वदीच्या मधल्या वर्षांत मी हद्दीकडच्या गावांतली भाजी भरून कोल्हापूरच्या बाजारात आणत होतो. बाकीची माणसं माल टेंपोत चढवून घरी जायची. निलव्वा मात्र भाकरीचं गठुडं घेऊन माझ्या शेजारी केबिनमध्ये चढायची. "माझी वांगी कुणाच्या दारात जात्यात ते बघून येतो की," म्हणायची. आमच्याकडच्या बायका 'येतो-जातो'च म्हणतात, त्यात काही नवल नाही. पण वांगी कुठं जातात हे बघायला येणारी ती एकटीच.

आता बुट्टी भरायची रीत सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बुट्टी म्हणजे आमच्याकडची टोपली. शेतकरी बुट्टी भरतो तेव्हा खाली बारकं, वाकडं, किडकं टाकतो आणि वरचा एक थर असा लावतो की नवरी नटवल्यासारखी बुट्टी दिसते. हे बाजारातल्या अडत्याला माहीत असतं. अडत्याला माहीत आहे हे शेतकऱ्यालाही माहीत असतं. मग अडत्या कोपरापर्यंत हात खुपसून तळातलं एक वांगं वर काढतो, नाक मुरडतो आणि त्या वांग्यावर सगळ्या मालाचा दर पाडतो. शेतकरी कपाळाला हात लावतो. रोज पहाटे हेच. कुणी कुणाला फसवत नाही, कारण कुणाचा कुणावर विश्वासच नसतो. आणि ज्याचा पाच-दहा गुंठ्यांचा वाफा आहे त्याची एकच बुट्टी असते. त्याला तर तळातल्या त्या एका वांग्याचाच दर मिळायचा.

निलव्वा बुट्टी उलटी भरायची. वाईट वर, चांगलं खाली.

पहिल्यांदा तिचा माल मी बाजारात उतरवला तेव्हा अडत्यानं वरची किडकी वांगी बघितली आणि हातसुद्धा घातला नाही. "वर असलं तर खाली काय शेण भरलंय काय, बाई?" असं म्हणून त्यानं जनावरांच्या चाऱ्याचा दर सांगितला. निलव्वा म्हणाली, "खाली बघा की मालक. खालचं चांगलं हाय." तो हसला. त्याची माणसंही हसली. "आयुष्य गेलं माझं बुट्ट्या बघण्यात," तो म्हणाला. "खालचं चांगलं असतं तर ते वर नसतं का ठेवलंस?" यात त्याची काय चूक म्हणायची? साऱ्या बाजाराचं गणितच तसं होतं. मलाही वाटलं, आता ही बाई रडणार. तिनं पदर खोचला आणि म्हणाली, "तम्मा, उचल बुट्ट्या. ह्या गावात जेवणारी माणसं कुठं ऱ्हात्यात तिकडं चल."

जेवणारी माणसं कुठं राहतात, हा प्रश्न मला आजवर कुणी विचारला नव्हता. त्या वेळी कसबा बावड्याच्या बाजूला नव्या कॉलन्या होत होत्या. नोकरदार माणसं, मंडई लांब. मी टेंपो तिकडं घातला. निलव्वा फळीवर उभी राहिली आणि तिनं बावड्याच्या बायकांना पहिलं वाक्य काय ऐकवावं? "वरली वांगी किडकी हाईत. चिरून बघून आमटीत घाला. भरल्या वांग्याला खालची घ्या." बायका आधी चपापल्या, मग पुढं आल्या. एकजण म्हणाली, "अगं, भाजीवाली असून किडकी म्हणून सांगते ही." तासाभरात बुट्ट्या रिकाम्या झाल्या. वरची वांगीसुद्धा गेली, कारण ती कशाला वापरायची हे तिनंच सांगितलं होतं. दुसऱ्या आठवड्यात त्याच बायका पिशव्या घेऊन रस्त्यावर वाट बघत उभ्या होत्या. मी टेंपो थांबवायच्या आधीच त्यांनी त्याला गराडा घातला. त्या दिवसापासून मी या बाईपुढं मनातल्या मनात हात जोडले. मोठ्यानं कधी बोललो नाही, ती "तम्मा, येडा हाईस काय" म्हणाली असती.

तिच्या या उलट्या रीतीचं मूळ मला एकदा निपाणीजवळ चहाला थांबलो तेव्हा कळलं. मी सहज विचारलं, "निलव्वा, हे वाईट वर ठेवायचं तुला कुणी शिकवलं?" तिनं बशीतला चहा संपवला आणि म्हणाली, "लग्नात मला वरला थर दाखीवला, तम्मा." तिचा नवरा शिवाप्पा डाव्या कानानं ऐकत नव्हता. ते तिला आणि तिच्या घरच्यांना कुणी सांगितलंच नाही. बघायच्या कार्यक्रमात त्याला असा बसवला की उजवा कान पावण्यांकडं. लग्न झालं. ही नवी नवरी, लाजून हळू बोलायची, आणि नेमकी डाव्या बाजूनं. तो उत्तर द्यायचा नाही. "वरीसभर मला वाटायचं, मी ह्याला पसंत न्हाय. म्हणून बोलत न्हाय. आन् त्येला वाटायचं, ही माझ्याशी बोलतच न्हाय." दोघंही वर्षभर झुरत राहिली. पुढं एकदा ती उजव्या बाजूनं काहीतरी म्हणाली आणि त्यानं चटकन उत्तर दिलं, तेव्हा उलगडा झाला.

"लई चांगला माणूस हाय गं बाई," ती स्वतःलाच सांगितल्यासारखं म्हणाली. "कानानं कमी हाय म्हटलं असतं तरी मी केलाच असता की. पर आधी सांगितलं असतं, तर आमचं ते वरीस वाया गेलं नसतं." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "वाईट असत्यातच, तम्मा. वाईट असण्याचा कुणाला राग येत न्हाय. ते खाली घातलं की राग येतो." मी चहाचे पैसे दिले आणि गाडी सुरू केली.

हळूहळू हिरेवाडीतली तीस-पस्तीस घरं तिच्या मागं लागली. सगळी बारकी. एकेकट्यानं माल घेऊन कुठं जायची कुणाची ऐपत नव्हती. निलव्वाच्या घरापुढच्या कट्ट्यावर बुट्ट्या जमायच्या. ज्या घराची बुट्टी, त्या घराच्या ठरलेल्या रंगाची चिंधी तिला बांधलेली, म्हणजे बावड्यातनं तक्रार आली तर बरोबर त्याच दारात जावी. नेम एकच, वाईट वर. गावाला हे पचायला फार जड गेलं. पिढ्यान्‌पिढ्या हात चांगलं वर ठेवायला शिकलेले. बुट्टी भरताना हात आपोआप वळायचा. निलव्वा प्रत्येक बुट्टी कट्ट्यावर पालथी करायची, आणि ज्याचं चांगलं वर निघेल त्याला परत पाठवायची, "जा, नवरी घरला ठेवून ये."

त्यात मल्लाप्पाची गंमत झाली. हा शेजारचा म्हातारा, काळ्या सकस जमिनीचा लहानसा तुकडा, झाडांची पोरासारखी निगा. एकदा त्याच्या वाफ्यातली वांगी अशी निघाली की एक म्हणून किडकं नाही. दुसरा असता तर आनंदानं नाचला असता. मल्लाप्पा घाबरला. वाईटच नाही तर वर ठेवायचं काय? निलव्वा बुट्टी परत करणार. तो बसाप्पाच्या शेतावर गेला आणि चार किडकी वांगी मागून आणून वर ठेवली. निलव्वानं बुट्टी बघितली. मल्लाप्पाची वांगी गोल, जांभळी, रेघांची. वरची चार लांब आणि हिरवी.

"मल्लाण्णा," ती म्हणाली, "तुझ्या झाडाला दोन जातीची वांगी कवापास्नं लागाय लागली?"

म्हातारा कसनुसा झाला. "वाईट न्हवतंच गं. मोकळ्या तोंडानं कसं यायचं? बसाप्पाकडनं मागून आणली."

कट्ट्यावरची माणसं हसून हसून खाली बसली. मी तर टेंपोच्या फाळक्याला धरून हसत होतो. निलव्वा हसली नाही. तिनं ती चार वांगी उचलून बाजूला ठेवली आणि म्हणाली, "वाईट दाखवून केलेलं खोटंबी खोटंच की अण्णा." मल्लाप्पा म्हणाला, "मग नुसतं चांगलं म्हटलं तर इस्वास कोण ठेवणार?" निलव्वा उठली, वांग्याचा थोडा पाला आणला आणि बुट्टीवर पसरला. ठरलं, वाईट नसेल त्या बुट्टीवर नुसता पाला घालायचा. बावड्यातल्या बायकांना दोन-चार आठवड्यांत ती खूण पाठ झाली. पाल्याची बुट्टी टेंपोतनं खाली यायचा अवकाश, तिच्यावर उड्या पडायच्या.

पुढं मोबाईल आले. दोन हजार सालानंतर पुण्याच्या एका कंपनीनं भाजीची दुकानं काढली आणि माल थेट शेतकऱ्याकडनं घ्यायचा म्हणून तिची माणसं गावोगाव फिरायला लागली. मधे अडत्या नाही, ठरलेला दर, ठरलेले वार. हिरेवाडीसारख्या गावाला हे सोनंच होतं. बावड्याचा टेंपो आठवड्यातनं एकदा, इथं गाडी दर दोन-तीन दिवसांनी. कंपनीचा पाटणकर म्हणून तरुण साहेब होता, बोलायला साधा. तो म्हणाला, आधी मालाचे फोटो पाठवा. निलव्वाच्या हुबळीला दिलेल्या मुलीनं तिकडनं कॅमेऱ्याचा फोन आणून दिला होता. दुसरी गावं टोमॅटो पुसून, तेलाचा हात फिरवून फोटो काढत होती. निलव्वानं कट्ट्यावर शोधून शोधून एक वाकडा, डागाळलेला टोमॅटो काढला आणि मला म्हणाली, "ह्येचा काढ."

मी काढला. आता तिच्याशी वाद घालायचा मी केव्हाच सोडून दिला होता. गडहिंग्लजच्या सायबर कॅफेतनं तो फोटो गेला. संध्याकाळी पाटणकरचा फोन आला. मी शेजारीच होतो. तो म्हणाला, "मावशी, असला माल आम्हाला चालणार नाही हो."

"ह्यो समद्यात वाईट हाय, साहेब. ह्येच्या खाली काय न्हाय."

"मग चांगल्याचा पाठवा ना फोटो."

"चांगल्याचा कशाला? चांगलं आलं तर तुम्ही परत पाठीवणार हाय काय?"

पाटणकर हसायला लागला आणि दोन दिवसांनी स्वतः गाडी घेऊन हिरेवाडीला आला. निलव्वानं त्याला जेवायला वाढलं आणि भाकरीची खोड सांगितली. पहिली गाडी मीच नेली, निलव्वा शेजारी बसून आली. पुण्याच्या गोदामात त्यानं आमचा एकेक क्रेट पालथा करून बघितला. सगळे बघितले. शेवटचा बघून झाल्यावर कपाळ पुसत म्हणाला, "आता दर वेळी एवढं करायला लागू नये म्हणजे मिळवली." निलव्वा म्हणाली, "करा की. आम्हाला काय भ्या हाय?" पण परतताना गाडीत म्हणाली, "तम्मा, ही वाट टिकली पायजे. तुटली तर ही बारकी घरं परत त्याच कोपरापतूर हात घालणाऱ्याच्या दारात. मग परत कोण माझ्या कट्ट्यावर येणार न्हाय."

ती वाट तुटायची वेळ एका दिवाळीच्या तोंडावर आली. सलग तीन दिवस अवकाळी पाऊस झाला. टोमॅटो तोडले ते वरून बघायला ठीक दिसत होते. पण सालीला देठापाशी बारीक तडे गेले होते. पुण्याला पोचेपर्यंत त्यातनं पाणी सुटणार हे सगळ्यांना कळत होतं. दर चढलेला, घराघरांत दिवाळीची खरेदी त्याच गाडीवर ठरलेली. क्रेट कट्ट्यावर येऊन लागले. मी गाडी लावून उभा. निलव्वानं दहा-बारा क्रेट पालथे केले, आणि पदराला बांधलेला फोन सोडला.

"साहेब, आज गाडी न्हाय येणार. आज आमच्याकडं नुसता वरलाच माल हाय. खालचा न्हाय."

कट्ट्यावर एकदम गलका झाला. कुणी म्हणालं, तुझ्या नेमानं तडकलेला वर लावतो की, मग काय अडचण? कुणी म्हणालं, दुसऱ्या गावांच्या गाड्या निघाल्यासुद्धा. मीही चिडलो, खोटं कशाला सांगू. मी म्हणालो, "निलव्वा, एक खेप. एका खेपेनं काय होतंय?" तिनं फोन परत पदराला बांधला. मग मल्लाप्पा पुढं आला. हाच तो, वांगी मागून आणणारा. शांतपणे म्हणाला, "दुसऱ्याच्या दिवाळीवर तू खरेपणा करतीयास, निलव्वा."

निलव्वाच्या चेहऱ्यावर मार बसल्यासारखं दिसलं. मल्लाप्पानं आपले क्रेट उचलून सायकलला लावले. आणखी कितीतरी जण गेले. जे राहिले त्यांचा माल आम्ही त्याच दिवशी गडहिंग्लजच्या बाजारात आणि वाटेवरच्या गावांत विकला. ती टेंपोच्या फळीवर उभी राहून घसा बसेपर्यंत सांगत होती, "तडकल्यात. उद्यापतूर टिकणार न्हाईत. आजच शिजवा." पडेल त्या भावानं माल गेला. त्या दिवाळीत हिरेवाडीत तिच्या दारात फराळाचं एक ताटही आलं नाही. तिनं मात्र सगळ्यांच्या दारात पाठवलं, "करंज्या जरा कडक झाल्यात" असं सांगून. काही घरांनी ताट तसंच परत केलं. मी तेव्हा तिच्या कट्ट्यावर बसलो होतो आणि मला तिची भीती वाटली होती. देवळात गाभाऱ्याच्या फार जवळ गेल्यावर वाटते तशी.

दिवाळीनंतर पाटणकर आला. त्या दिवशीच्या बाकी गाड्यांतला माल उकिरड्यावर टाकावा लागला होता आणि त्या गावांची खरेदी कंपनीनं थांबवली होती. हिरेवाडीची गाडी मात्र वर्षभर चालू ठेवायचं ठरवून तो आला होता. गेलेल्यातले बरेच जण परत आले. मल्लाप्पा आला नाही. शेवटपर्यंत नाही. त्यानं आपली सुंदर वांगी अडत्यालाच घातली. मी एकदा त्याच्या नावानं काहीतरी वेडंवाकडं बोललो तर निलव्वानं मला मधेच अडवलं. "त्येचं बरोबर हुतं, तम्मा. त्येच्या घरात त्या दिवाळीला नातीला कपडा आला न्हाय. ते मी कशानं भरून देऊ?" हे ती मरेपर्यंत विसरली नाही.

ती गेली ती फार लवकर. कावीळ झाली, अंगावर काढली. कोल्हापूरच्या दवाखान्यात मी टेंपोतनंच नेली. डॉक्टर तिच्यासमोर गोडगोड बोलायला लागले तसं तिनं त्यांना थांबवलं आणि शिवाप्पाला उजव्या बाजूला बसवून घेतलं, म्हणजे त्याला सगळं ऐकू यावं. आठ-दहा दिवसांत खेळ संपला. हिरेवाडीला आणली. लिंगायतांच्या रीतीनं बसवून माती दिली तेव्हा अख्खं गाव होतं. मल्लाप्पा होता. तो सगळ्यांच्या मागं उभा राहिला आणि सगळ्यांच्या शेवटी गेला.

दुसऱ्या दिवशी पुण्याची गाडी होती. गाडी पाठवायची का, असं विचारायला माणसं शिवाप्पाकडं गेली. त्याला दोनदा सांगायला लागलं. मग म्हणाला, "टमाटं झाडावर थांबत न्हाईत." कट्ट्यावर क्रेट आले. पालथे करून बघायला कुणी नव्हतं. तरी प्रत्येकजण आपापला क्रेट वाईट वर ठेवूनच घेऊन आला होता. अलीकडं पुण्याची खेप कंपनीचाच ड्रायव्हर न्यायचा, त्या दिवशी मात्र मी गाडी भरली आणि निघालो. वाटेत निपाणीला चहाला थांबलो नाही.

पुण्याच्या गोदामात त्या सकाळी दाराशी एक नवा माणूस होता, पन्नाशीचा, कानावर पेन खोचलेला. पाटणकरची मुंबईला बदली झाली होती. माझ्या ओळखीचं तिथं कुणी उरलं नव्हतं. माझ्या गाडीमागं आणखी गाड्या लागल्या होत्या आणि त्याला घाई होती.

"कुठला माल?" त्यानं विचारलं.

"गडहिंग्लजकडचा. टोमॅटो."

"साधा आहे का निलव्वा?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी गाडीतनं खाली उतरलो. "काय म्हणालात?"

"साधा का निलव्वा, विचारतोय."

"निलव्वा म्हणजे काय हो?" मी विचारलं.

या माणसाला एवढंही कळत नाही, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडं बघितलं. "वाईट वर लावलेला माल. त्याला निलव्वा म्हणतात. आधी एकाच गावचा यायचा, आता नारायणगावकडनं पण काहीजण निलव्वा लावून पाठवतात. नवीन आहात का लाईनला?"

सांगावं असं फार वाटलं. की निलव्वा हे बाईचं नाव आहे. की तिला परवाच आम्ही माती दिली. की ती मला तम्मा म्हणायची. पण मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या. मी गाडीचा फाळका खाली केला.

"व्हय," मी म्हणालो. "निलव्वाच हाय. उघडून बघा."

"कशाला?" तो म्हणाला. "निलव्वा म्हणालात ना?" आणि आतल्या माणसांना हाक मारून त्यानं सगळे क्रेट तसेच आत घ्यायला सांगितले.